मारोतअप्पांचा मौसम

या, अशा जवळ येऊन बसा. तिकडं दाराच्या चौकटीला टेकून काय ऐकू येणार आहे तुम्हाला? अन् आधी तो मोबाईल उलटा ठेवा. घर बदलायला कोणता महिना चांगला, हे तुम्ही त्याला विचारत बसला होतात म्हणे. त्याला काय ठाऊक? त्यानं कधी लोणच्याची बरणी मांडीवर धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्रवास केलाय का? माणसं संपली का विचारायला? निदान मला तरी विचारायचं होतं. मी तुम्हाला सरळ आमच्या मारोतअप्पांपाशी नेलं असतं.

मारोतअप्पा ट्रंकेची नाडी बघतात. हसू नका, खरं सांगतेय. कुणाच्या घरचं सामान हलवायचं असलं, की अप्पा सकाळी ऊन चढायच्या आत त्या घरी जाणार. पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणावर तळहात ठेवणार, डोळे मिटणार, अन् वैद्यानं पोटाचं दुखणं ओळखावं तसं सांगणार, "हिला आत्ता हात लावू नका. हिचं झाकण अजून पावसाळ्यातून भाईर आलं न्हाई." मग तो हात कपाटाच्या दारावर, तिथून बाजेच्या खुरावर. शेवटी अंगणातली माती चिमटीत घेऊन नाकाशी धरणार. एवढं सगळं झालं की मान हलवायची अन् म्हणायचं, "मौसम बराबर न्हाई."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की अप्पा खाकरले तरी मला पुढचं ऐकू यायचं. शिरड शहापूरला रफिकभाईच्या पत्र्याच्या खोल्या आहेत ओळीनं. त्यातल्या एकीत मी, अन् शेजारच्या दोन खोल्यांत मारोतअप्पा अन् त्यांची बायको सुभद्रा. मधे एक भिंत. भिंत म्हणायची आपली. तिकडं सुभद्रानं फोडणी टाकली की ठसका मला लागायचा, अन् इकडं मी शिंकले की अप्पा तिकडून म्हणायचे, "अक्का, काढा घ्या."

अप्पांना हा नाद लागला कसा, तर ते जन्मभर गाडीवान होते. स्वतःची बैलगाडी. वीट, वाळू, कडबा, लग्नातलं आंदण, जे मिळेल ते वाहायचे. अन् आमच्या गावातली निम्मी बिऱ्हाडं या घरातून त्या घरात त्यांच्याच गाडीनं गेलीत. पुढं ट्रॅक्टर आले, बैल विकले, गाडीची चाकं कुणीतरी हॉटेलच्या शोभेला नेली. गाडी गेली, पण डोक्यातली बिऱ्हाडं गेली नाहीत. मग अप्पा बिनगाडीचे गाडीवान झाले. सामान दुसऱ्याच्या ट्रॉलीतून जायचं अन् हुकूम अप्पांचा चालायचा.

त्यांचं शास्त्र पंचांगात सापडायचं नाही. पौष, आखाड, पितरांचा पंधरवडा, हे सगळं ते मानायचे, पण वरच्यावर. "ते देवाचं झालं," म्हणायचे, "सामानाचं कोण बघनार?" पावसाळ्यात कपाटाची दारं फुगतात, एकदा उघडली तर नव्या घरात बंद होत नाहीत. शिवाय गोधड्यांच्या घड्यांतून मुंग्या येतात. "मुंग्यांचं बिऱ्हाड आधी लागतं, मानसाचं मागून." उन्हाळ्यात ट्रंकेची कडी तापून बसत नाही, अन् लोणचं नुकतं घातलेलं असतं. मुरत्या लोणच्याची बरणी हलवली की खार रुसतो, असं अप्पांचं म्हणणं. हिवाळ्यात काचेची भांडी थंडीनं भेदरलेली असतात, जरा धक्का लागला की गेली. दिवाळीच्या अलीकडं सोयाबीन, पलीकडं तूर. संक्रांत झाली की हळद. ट्रॅक्टर कुणाचा मोकळा आहे? आता तुम्हीच सांगा, वर्षात उरलं काय?

उरायचं थोडं. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांची बदली झाली, तेव्हा अप्पांनी सगळी तपासणी करून चैतातला एक दिवस काढून दिला. ट्रॉली गावाबाहेर पडते न पडते तोच गारा सुरू झाल्या. सोफा भिजला, गाद्या भिजल्या, मास्तरीणबाई ताडपत्री समजून ज्याच्याखाली शिरल्या तो त्यांचाच पडदा निघाला. मास्तरांनी फोन करून अप्पांना जे सुनावलं ते मी भिंतीतून ऐकलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाले, "मास्तर, मौसम बराबरच व्हता. पाऊस चुकला."

एकदा मला माझं कपाट या भिंतीपासून त्या भिंतीला न्यायचं होतं. खोली तीच. म्हणलं, अप्पा जरा हात लावा. तर हे आले, कपाटाला कान लावला, अन् म्हणाले संक्रांतीनंतर बघू. मी म्हणलं, अहो अप्पा, घरातल्या घरात आहे. तर म्हणतात, "अक्का, घरातल्या घरात बी मौसम लागतो. कपाटाला काय कळतंय, किती दूर जायचंय ते?" मी संक्रांतीपर्यंत थांबले. काहून थांबले, ते मला आजही सांगता यायचं नाही.

एवढं मात्र खरं, की लोक हसायचे अन् तरी बोलवायचे. कारण सामान हलायच्या दिवशी अप्पा सांगितल्याबिगर हजर. घरातली जी वस्तू सगळ्यात जपायची, म्हंजे बरणी, देव्हारा, म्हाताऱ्याच्या फोटोची काच, ती मांडीवर घेऊन ते ट्रॉलीत बसायचे. रस्ता आमच्याकडचा तुम्हाला माहीतच आहे. ट्रॉली नाचायची, अप्पा नाचायचे, मांडीवरची वस्तू हलायची नाही.

असा हा माणूस. अन् याचं स्वतःचं नवं घर औंढ्याला बांधून तयार, कुलूप लावून उभं.

घर पोरानं बांधलं. गजानन, एकुलता एक. चाकणला कंपनीत आहे, बायको वर्षा अन् दोन लेकरं तिकडंच. सुभद्रानं सारा जन्म पाणी वाहिलं. आधी विहिरीवरून, मग हापशावरून, मग टँकरवरून. तिचे गुडघे कधीच बोलायला लागले होते. गजूनं ते बघितलं होतं. त्यानं औंढ्याला जागा घेतली, नागनाथाचं मंदिर पायी जाण्यासारखं, दवाखाना जवळ, अन् बांधताना पहिली गोष्ट सांगितली, की स्वयंपाकघरात नळ पाहिजे. माझ्या मायनं बसल्या जागी पाणी घेतलं पाहिजे. घर पुरं झालं तेव्हा सुभद्रा एकदा बघून आली. मी विचारलं, कसं आहे गं? तर खोल्या किती, फरशी कसली, काही सांगेना. म्हणाली, "अक्का, नळ सोडला अन् बगत बसले. हे म्हणले पानी वाया चाललं, तवा बंद केला."

आल्या आल्या तिनं सामान बांधायला घेतलं. चांगली भांडी गठुड्यात, कपबश्या जुन्या लुगड्यात, तुळस तेलाच्या डब्यात लावून डब्याला तार बांधून धरायला कडीसुद्धा केली. अन् अप्पांनी ट्रंकेवर हात ठेवला.

मौसम बराबर नव्हता.

मग पावसाळा गेला. दिवाळीला जायचं ठरलं. सुभद्रानं करंज्या औंढ्यालाच तळायच्या म्हणून इथं तेल आणलं नाही. दिवाळी तोंडावर आली अन् अप्पा म्हणाले, सोयाबीन. पुढं थंडीत म्हणाले, काच. उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणाले, लोणचं. सुभद्रा म्हणाली, यंदा मी लोणचंच घालत नाही. तर म्हणाले, "मंग ट्रंकेची कडी?" असं करत वर्ष गेलं, दुसरं गेलं. सगळा संसार गठुड्यात, अन् ही बाई दोन पातेल्यांत रांधून राहिली. पाहुणे आले की माझ्याकडं यायची, "अक्का, कपबश्या द्या. माझ्या गावाला गेल्यात." एकदा रफिकच्या बायकोनं विचारलं, काकी, तुम्ही जाणार तरी कधी? तर म्हणाली, "मी तयार हाय बाई. ट्रंकच जायला तयार न्हाई."

गंमत करायची, पण रागही यायचा तिला. अन् तिचा राग भाकरीवर निघायचा. संध्याकाळी भिंतीपलीकडून थापांचा आवाज आला, की मला कळायचं अप्पांनी आज पुन्हा मौसम बघितला. तवा आदळायचा, ताट आदळायचं, तांब्या आदळायचा. अप्पा मुकाट जेवायचे. मला वाटायचं, काय माणूस आहे. बाईचे गुडघे झिजून चालले, घरी नळ आहे, अन् हा ट्रंका चाचपत बसलाय. हापशावर मी तिची कळशी धरायला जायची, तेव्हा तोंडाला येईल ते अप्पांना बोलायची. सुभद्रा उलट त्यांचीच बाजू घ्यायची. "नाद हाय अक्का. दारूचा न्हाई, बायकांचा न्हाई. मौसमाचा हाय. काय करावं?"

यंदा तिनं त्यांना कोंडीत धरलं. म्हणाली, पाडव्याला जायचं. पाडव्याला मुहूर्त लागत नाही, सगळ्या जगाला चालतो, तुमच्या ट्रंकेलाही चालेल. रफिकला साक्षीला बोलावलं. अप्पांनी बरंच इकडंतिकडं बघितलं अन् व्हय म्हणाले. रफिक म्हणाला, "अप्पा, मुकरायचं न्हाई आता. टॅक्टर माझा, जबान तुमची." सुभद्रानं त्या दिवशी भाकरी इतक्या हळू थापल्या, की मला वाटलं ही उपाशी निजली.

आता आमच्याकडं फाल्गुन म्हंजे हळद. नुसती हळद. तुम्ही कधी या दिवसांत आलात तर रस्त्यानं जाताना धुक्यातून चालल्यासारखं वाटेल. ते धुकं नसतं, शिजत्या हळदीची वाफ असते. रफिकच्या शेतातही हळद शिजत होती. मी जाते तिथं दरवर्षी, हळकुंडं अन् बंडे, म्हंजे हळदीचे मूळ गड्डे, निवडायला. हात पिवळे होतात, पण चार बायका भेटतात. त्या दिवशी मी जरा लवकर गेले. बाकी कुणी आलं नव्हतं. वाफेच्या टाकीपलीकडं अप्पा पालथ्या घमेल्यावर बसले होते. त्यांना कानानं कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात लावतात. सगळ्या शिवाराला ऐकू जातो, त्यांनाच काय तो कसाबसा.

पलीकडून गजूचा आवाज. मी ओळखला.

"अप्पा, पाडव्याचं बी न्हाई जमत. लेकरांची परीक्षा हाय. अन् आत्ता रजा मागितली की नाव कटतंय. मायला काय सांगू?"

"तू काय बी सांगू नको," अप्पा म्हणाले. "मी हाय ना. हळद शिजून राहिली, टॅक्टर मोकळा न्हाई, असं सांगतो."

"दर बारीला तुमीच बोलनी खाता, अप्पा."

"मौसमाच्या नावानं खातो रे. अंगाला लागत न्हाई. तू लेकराचा अभ्यास घे."

मी हातातलं हळकुंड घेऊन तशीच उभी राहिले. वाफ जरा हटली अन् अप्पांना मी दिसले. ते उठले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. पुसून डोळ्याला लावायचे, पुन्हा वाफ धरायची, पुन्हा काढायचे.

"ऐकलं का?" त्यांनी विचारलं.

ऐकलं म्हणलं. अन् मीही तिथंच खाली बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीला गजूला सुट्टी नव्हती, म्हणून सोयाबीन. थंडीत लहान लेकरू आजारी होतं, म्हणून काच. उन्हाळ्यात वर्षाच्या माहेरी लग्न निघालं, म्हणून लोणचं. मौसम कधीच बिघडला नव्हता. अप्पांनी जन्मभराचं ते शास्त्र गजूसाठी वापरून टाकलं होतं. गावात वेड्यात निघाले, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण पोराचं नाव मधे येऊ दिलं नाही.

मी म्हणलं, अहो पण गजू यायलाच पाहिजे असं काय आहे? तुम्ही दोघं जा की. तर म्हणाले, त्यांच्या घरात घरभरणीला पहिलं पाऊल सुनेचं. भरली कळशी घेऊन सून उंबरा ओलांडणार, तिच्यामागं लेकरं, मग म्हातारे. सुभद्रा स्वतः अशीच आली होती त्यांच्या घरात, कळशी घेऊन. औंढ्याच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढं वर्षा अन् कळशी.

"मग तिला खरं सांगायचं. समजूतदार आहे ती."

अप्पांनी टाकीखालचं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "अक्का, ती माझ्यावर रागावली तर ताट आदळती, पन वाढती. सोता बी जेवती. लेकरावर रुसली तर जेवत न्हाई. गजू चाकणला गेला तवा बगितलंय मी."

मी हातातलं हळकुंड ढिगात टाकलं. शेवटी मी एवढंच म्हणलं, की अप्पा, मौसम दरसाल येतील, पण तिचे गुडघे तुमच्यासाठी थांबायचे नाहीत. आज सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर उद्या मी सांगेन.

संध्याकाळी मी भिंतीला पाठ लावून बसले. कान लावला नव्हता, पाठ लावली होती. थापांचा आवाज आला, तो थांबला. अप्पा हळू आवाजात बरंच काही बोलले. मग सुभद्राचं एक वाक्य आलं, "मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं?" ताट आदळायची मी वाट बघत होते. आदळलं नाही. थोड्या वेळानं अप्पा बाहेर ओट्यावर येऊन बसले, चेहरा पार उतरलेला. मी दारातून विचारलं, काय झालं?

"अक्का," ते म्हणाले, "तिनं ताट हळू ठेवलं." अन् घाबरून आतल्या बाजूला बघायला लागले.

ती जेवली का, विचारलं. तर म्हणाले, माझ्यासमोर बसून जेवली. अर्धीच भाकर, पण जेवली.

सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर रफिकचा ट्रॅक्टर उभा. शेताकडं निघाला होता, ट्रॉली हळदीनं माखलेली. अन् त्या ट्रॉलीत सुभद्रा. गठुडी भोवती रचलेली, मांडीवर तुळशीचा डबा, डोक्यावर पदर नीट घेतलेला. लग्नाची वरात निघाल्यासारखी बसली होती. रफिक खाली उभा राहून तिला समजावत होता.

"काकी, शेतावर हळद शिजवायचा कुकर लावून ठेवलाय. दुपारनंतर नेतो ना. अन् ट्रॉली बघा, सगळं सामान पिवळं व्हईल."

"होऊ दे," सुभद्रा म्हणाली. "मला लग्नात लागली ती लागली. त्यानंतर कुनी लावलीय हळद? औंढ्याला टाक, मग शेतावर जा."

रफिकनं शेतावर फोन करून सांगितलं, की कुकर अप्पांच्या मौसमासाठी थांबवा. अप्पा बाहेर आले. सवयीनं हात ट्रंकेकडं गेला. "अगं, झाकण..." म्हणाले.

"झाकणाला दोरी बांधा," सुभद्रा म्हणाली.

त्यांनी दोरी बांधली. बांधायचं बाकी होतंच काय? दोन पातेली अन् एक तवा. बाज अन् कपाट रफिकनं चढवलं. इतक्या लवकर रिकामं झालेलं घर मी बघितलं नाही. मीही चढले ट्रॉलीत, मला कुणी विचारलं नव्हतं तरी. अप्पांनी लोणच्याची बरणी मांडीवर घेतली. सारा रस्ता सुभद्रा डब्यातली तुळस सांभाळत बसली होती. पण ट्रॉली एका खड्ड्यात आदळली तेव्हा सुभद्रानं तुळस सोडून त्यांचा दंड धरला, अन् पुढं तो सोडायचं विसरली.

औंढ्याला घरासमोर उतरलो. अप्पांनी कुलूप काढलं, कडी काढली, अन् दार ढकलणार तेवढ्यात सुभद्रा म्हणाली, "थांबा." उंबऱ्यापाशी येऊन जरा उभी राहिली. मग कडी पुन्हा लावली.

"हे दार वर्षाचं हाय. ती कळशी घेऊन येईल तवा उघडू. आपल्याला मागचं दार हाय की."

अन् निघाली. घराच्या बाजूनं, कुंपणाच्या चिंचोळ्या जागेतून, उरलेल्या विटा अन् वाळूच्या ढिगावरून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत. अप्पा मागून, बरणी पोटाशी धरून. त्यांनी विचारलं, मग घरभरणीचं काय करायचं? तर मागं न बघता म्हणाली, "घर भरायला पानी लागतं. ते नळाला हाय."

खरंच भरलं तिनं. नळ सोडला अन् सगळी गठुडी सोडली. हंडे भरले, पातेली भरली, तांबे भरले. मग कपबश्या काढल्या अन् त्याही भरून ओळीनं ठेवल्या. ओट्यावर जागा उरली नाही तेव्हा मला म्हणाली, "अक्का, आता चहाला कप कुठून आणावा?" अन् हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. अप्पा उठून नळापाशी गेले, पण पाणी वाया चाललंय असं काही म्हणाले नाहीत.

रफिकची मात्र त्या दिवशी परीक्षा झाली. सगळं सामान मागच्या दारानं. बाज उभी करून गेली, ट्रंक आडवी करून गेली, कपाट काही केल्या जाईना. तो घामाघूम होऊन पुढच्या दाराकडं बघायचा अन् म्हणायचा, "या अल्ला, इतका मोठा दरवाजा काय बघायला ठेवलाय का?" कपाट अजून मागच्या पत्र्याखाली उभं आहे. गाद्या, गोधड्या, अप्पांचं धोतर, सगळ्यांवर हळदीचे डाग. चार वेळा धुतलं, गेले नाहीत.

तेव्हापासून ते दोघं मागच्या दारानं राहतात. दूधवाला मागून, गॅसवाला मागून, नागनाथाचं दर्शन करून येणारे पाहुणेसुद्धा विटा ओलांडून मागून. पुढच्या दाराला तोरण आहे. सुभद्रा रोज सकाळी घराला वळसा घालून येते अन् बंद दारापुढं रांगोळी काढते. अप्पा बिजागऱ्यांना तेल घालतात. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी विचारलं, वास्तूत काही दोष निघाला का? तर अप्पांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, की लाकूड अजून मुरतंय. बाईंना ते पटलं. आता त्यांनी स्वतःच्या दाराबद्दलही अप्पांना विचारायला सुरुवात केलीय.

अन् गजूशी आता सुभद्रा स्वतः बोलते. मी होते तिथं एकदा. तो म्हणत होता, माय, मे महिन्यात बघतो, जमलं तर. आवाज पडलेला होता त्याचा. तर ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "येशील तवा ये रे. घाई न्हाई. दार नवं हाय, टिकतंय." मग त्यानं विचारलं, गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, नळापाशी बसते तोवर बरे आहेत.

मी महिन्यातून जाऊन येते. शिरडला माझ्या शेजारच्या खोल्या रिकाम्या आहेत अजून. मी शिंकते, अन् काढा घ्या असं कुणी म्हणत नाही. बरं आहे म्हणा, शांत झोप लागते. फार शांत लागते.

तर तुम्ही घर कधी बदलायचं ते बदला, मी अडवत नाही. पण आधी माझ्याकडं या. एक दिवस राहा, मग आपण सकाळच्या गाडीनं औंढ्याला जाऊ. एक सांगून ठेवते, आपली चाहूल लागली की सुभद्रा आधी पुढच्या दाराकडं बघेल, अन् मग मागं येईल. तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका. तिनं दिलेल्या कपातला चहा प्या, अप्पांना तुमच्या ट्रंकेचं विचारा. वाट बघणाऱ्या घरात येणारं-जाणारं माणूस असावं, म्हणून म्हणते. फार दिवस लावू नका, लवकर या.